बंद पाकिटावरची सही

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही उभी हयात सरकारी दवाखान्यात रक्त तपासण्यात घालवली, गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, वाचकांना हलकंफुलकं बरं वाटतं." मी हो म्हटलं. गमती काय, पोत्यानं आहेत. सुई बघून आडवा झालेला पैलवान आहे. बायकोची लघवी आपल्या नावानं देऊन "दिवस गेलेत" असा रिपोर्ट घेऊन गेलेला एक भला माणूस आहे. एक शेठजी तर मागच्या दारानं आले, नाव सांगितलं ड्रायव्हरचं, आणि रक्त देऊन गेले. आठ दिवसांनी खरा ड्रायव्हर खिडकीवर हजर, "साहेब, माझं रक्त कधी घेतलं हो तुम्ही? मी तर तव्हा इंदूरला गेल्तो!" शेठजींचं रक्त ठणठणीत होतं, पण त्या ड्रायव्हरला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

पण लिहायला बसलो की हात दुसरीकडेच जातो. आत्तासुद्धा तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच कपाट उघडायला, एकदा नुसताच अंगणात. बायको म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? पायाला भिंगरी लागल्यासारखं का करून राह्यले?" तिला माहीत आहे काय झालंय.

तेव्हा एकनाथ आणि सुमनचंच लिहितो. नावं बदलली आहेत आणि दवाखान्याचं गाव सांगत नाही. जालना जिल्ह्यातला एक तालुका, एवढं पुरे. सुमनला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिहा की. पण तुमचं काय चुकलं ते बी लिहा. न्हाई तर नका लिहू."

आधी आमचं काम सांगतो. लोकांना वाटतं रक्त काढलं, मशीनमध्ये घातलं, झालं. एचआयव्हीचं तसं नसतं. रक्त ठेवून द्यायचं, वर पिवळं पाणी सुटतं, ते किटवर टाकायचं, ठिपका उमटतो का बघायचं. उमटला तर वेगळ्या किटवर, पुन्हा तिसऱ्या किटवर. तिन्ही एकच बोलले तरच पॉझिटिव्ह. हे सगळं सोपं. अवघड काम त्यानंतरचं. रिपोर्ट त्या माणसाच्याच हातात द्यायचा, बापाच्या नाही, बायकोच्या नाही. आणि देताना त्याला बसवून तोंडानं सांगायचं: काय निघालं, म्हणजे काय, घरी काय काळजी घ्यायची, पुढं कुठं जायचं. त्यासाठी समुपदेशक म्हणून वेगळं माणूस असतं. ते पद भरलेलं असतं तेव्हा असतं.

आमच्याकडची मुलगी बदली करून औरंगाबादला गेली आणि ती खुर्ची कित्येक महिने रिकामी होती. मंग दोन्ही कामं माझ्याकडं. मी मुळात तापट माणूस. समजावणं हे माझं काम नव्हे, असं माझं स्पष्ट मत होतं आणि मी ते मेडिकल ऑफिसरांना ऐकवलंही होतं.

मात्र रजिस्टर! माझं रजिस्टर बघायला यावं कोणीही. तारीख, वेळ, नंबर, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. आणि एक पद्धत मी माझ्या डोक्यानं काढली होती, वरून कुणी सांगितली नव्हती. रिपोर्ट पाकिटात घालायचा, वरून खाकी चिकटपट्टी मारायची, अर्धी पट्टीवर अर्धी कागदावर येईल अशी आडवी सही ठोकायची. वाटेत कुणी उघडलं तर लगेच कळावं. आणि पाकीट दिलं की घेणाऱ्याची सही नाही तर अंगठा रजिस्टरमध्ये घ्यायचा, म्हणजे "मला रिपोर्ट मिळालाच नाही" अशी बोंब मारायला जागा नको. जिल्ह्याहून तपासणीला आलेले साहेब माझं रजिस्टर दुसऱ्या दवाखान्यांना दाखवायला मागत. छाती फुगायची माझी, खोटं कशाला बोलू?

एकनाथ हा हसनाबादच्या बाजूच्या एका खेड्यातला. मोसंबीच्या व्यापाऱ्याकडं कामाला होता. बागेत माल बघायचा, प्रतवारी करायची, गाडी भरून घ्यायची आणि मालाबरोबर दिल्लीपर्यंत जायचं. अंगानं सडपातळ, बोलायला गोड. खोकला हटेना म्हणून डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांबरोबर ही पण लिहून दिली. मी रक्त घेतलं. तिन्ही किट एकच बोलले.

रिपोर्ट न्यायला आला तो नेमका बाजारचा दिवस. खिडकीवर ही झुंबड. मलेरियाच्या तपासायच्या काचा पडलेल्या, एक बाळंतीण रक्तगटासाठी ताटकळलेली, आणि मी एकटा.

"साहेब, माझा कागद."

"उद्या ये निवांत. बसून सांगायचंय."

"उद्या न्हाई जमत साहेब, गाडी भरून उभी हाय. आज रात्रीच निघायलो. जल्दी द्या ना."

मी चिडलो. याला म्हणे जल्दी! पाकीट उचललं, शाईचं पॅड पुढं सरकवलं. त्यानं अंगठा दिला. डाव्या हातात पाकीट धरून विचारलं, "यात काय लिव्हलंय साहेब?"

"इंग्रजीत आहे. डॉक्टरांना दाखव."

डॉक्टर त्या दिवशी शिबिराला गेले होते. मला माहीत होतं. "चल, पुढचा कोण?" असं मी म्हणालो. म्हणालोच. त्या पुढच्याचा चेहरासुद्धा आठवत नाही, पण माझा आवाज आठवतो.

खोकल्याच्या औषधानं एकनाथला बरं वाटलं. तो पुन्हा आला नाही. मीही बोलावणं धाडलं नाही. माझ्या लेखी काम पुरं झालं होतं, रजिस्टरमध्ये अंगठा होता.

दोनेक वर्षं गेली. गरोदर बायांची तपासणी सुरू झाली होती, नवीन समुपदेशक मॅडमही आल्या होत्या. त्या रांगेत सुमन आली, एकनाथची बायको. टेंभुर्णीकडचं माहेर, तिसरीपर्यंत शिकलेली, सातवा महिना. तिचंही रक्त तसंच निघालं. मॅडमनी तिला व्यवस्थित बसवून सांगितलं, बाळंतपणाच्या वेळी एक गोळी आईला आणि एक डोस बाळाला दिला तर बाळ वाचू शकतं, हेही सांगितलं. सुमननं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आमच्या मालकानं बी मागं इथंच रक्त दिल्तं."

तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ आला होता, दाराशी उभा. त्यानं ते ऐकलं.

त्या भावाला वाईट म्हणता येत नाही. बहिणीचं लग्न त्यानं लावून दिलं होतं. त्याच्या डोक्यात एकच बसलं: मेव्हण्याला माहीत होतं आणि त्यानं लपवून माझ्या बहिणीला रोग दिला. तो थेट पोलीस ठाण्यात गेला. भारतीय दंड विधानात दोनशे सत्तर नंबरचं एक कलम आहे. जीवघेणा रोग पसरेल असं कृत्य, माहीत असताना जाणूनबुजून करणं. प्लेगच्या काळातल्या लोकांना शोभेल असं कलम, पण पुस्तकात होतं. ते लागलं.

चार दिवसांनी हवालदार पत्र घेऊन दवाखान्यात. ही माहिती गुप्त असते. पण मेडिकल ऑफिसरांनी पत्रावर "दाखवावे" असा शेरा मारला आणि मोकळे झाले. आणि मी? मी रजिस्टर काढलं, पुसलं आणि बराबर पान उघडून दिलं.

"हे बघा. तारीख. वेळ. आणि हा अंगठा."

हवालदार खूश. "वा साहेब! तुमच्यासारखी मानसं असली तर आमचं काम किती हलकं व्हतंय. म्हंजे त्याला माहीत व्हतं, हे फिक्स."

मी चहा मागवला त्यांना. त्यांनी अंगठ्याचा पंचनामा केला आणि मी वर "नक्कल मीच काढून देतो, तुमचं अक्षर खराब आहे" अशी थट्टाही केली. हे लिहिताना कान गरम होतात.

पेपरात बातमी आली, चार ओळींची, पण मथळा ठळक. एकनाथ जामिनावर सुटला, पण सुटून जाणार कुठं? न्हाव्यानं सांगितलं, घरी वस्तरा आणून घ्या. पिठाच्या गिरणीत त्याच्या आईचं दळण शेवटी ठेवायला लागले. मोसंबीवाल्या शेठजींनी कामावरून कमी केलं, तेही हात जोडून, "एकनाथ, बाकीचे लोक गाडीत बसेनात रे." आधी लोक या रोगाला भीत होते. आता या रोगाच्या माणसाला गुन्हेगार म्हणू लागले, आणि तसं म्हणायला आता कोर्टाचा आधार होता. सुमन माहेरी. तिथंही तिची भांडी वेगळी. म्हणजे जिच्यासाठी केस, तिलाही शिक्षा चालूच.

आणि आमच्या खिडकीवर काय झालं ते ऐका. एसटी स्टँडवर कुणीतरी शहाण्यानं कायद्याचा अर्थ लावला: माहीत असलं तरच गुन्हा. तपासलंच नाही तर माहीत नाही, आणि माहीत नाही तर कलम नाही! बिनतोड हिशोब. बघता बघता तालुक्यात पसरला. स्वतःहून तपासायला येणारे चार-दोन पुरुष यायचे तेही बंद झाले. मला रस्त्यात बघून लोक बाजूला होऊ लागले. "अंगठेवाला साहेब" म्हणून माझं नावच पडलं. "त्यानं अंगठा घेतला की पोलीस येतंय."

एक सासू सुनेला घेऊन आली होती, नऊ महिने भरत आलेले. मॅडमनी तपासणीचं विचारलं. सासू म्हणाली, "एचआयव्ही-बियव्ही काही नको. हिमोग्लोबिन बघा आन् सोडा. उद्या काही निघालं तर माझ्या लेकावर केस व्हायची." मॅडमनी खूप सांगितलं, बाळासाठी आहे, बाळासाठी आहे. सुनेनं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं का बघितलं असेल? तिला तपासायचं होतं का? सासूनं हाताला धरून नेली. त्या पोरीचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. कदाचित काहीच नसेल. पण एखाद्या दिवशी मी उगाच त्या रस्त्यानं चक्कर मारून येतो, कुणी दिसतं का बघायला. चेहरा तरी कुठं नीट आठवतोय म्हणा.

कोर्टात माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, "रिपोर्ट आरोपीच्या हातात दिला?" दिला. "हा अंगठा त्याचाच?" त्याचाच, माझ्यासमोर दिलाय. एकनाथचा वकील नवखा होता. तो अंगठा एकनाथचाच कशावरून, यावरच अडून बसला.  मला भीती होती की तो आता विचारेल, "रिपोर्टात काय आहे ते तुम्ही त्याला सांगितलं का?" आणि आतून असंही वाटत होतं की अरे बाबा, विचार ना! विचारून टाक एकदाचं. त्यानं नाही विचारलं. मी नाही सांगितलं. साक्ष संपली.

खाली उतरताना एकनाथ समोर. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबत होता. त्यानं हात जोडले. "साहेब, बरं हाय ना?"

मी मान हलवली आणि पळालो. पळालोच, दुसरा शब्द नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी दुपारी सुमन लॅबमध्ये आली. कडेवर पोर. जिल्ह्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, गोळी आणि डोस दोन्ही मिळाले होते, ते मॅडमकडून कळलं होतं. तिनं पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ओळखायला वेळ लागला नाही. खाकी पट्टी. पट्टीवर आडवी माझी सही. सहीची एक रेघसुद्धा तुटलेली नव्हती.

"हे उघडेल न्हाई साहेब. दिल्लीला निघायच्या दिवशी त्यांनी माझ्यापाशी दिल्तं. म्हणले, दवाखान्याचा कागद हाय, रेशनकार्डात ठेव. मी ठेवला. काल सासरी जाऊन शोधून आणला."

मी पाकीट उलटंपालटं करत राहिलो.

"भावानं केस केली. मला कोनी इचारलं न्हाई. मी बी आधी तेच समजत व्हते, की या मानसानं मला फसवलं. आता मला एकच सांगा. तुम्ही त्यांला तोंडानं सांगितल्तं का?"

पोर पाकिटाला हात घालत होतं. मी पाकीट बाजूला घेतलं.

"नाही," मी म्हणालो.

"मंग कोर्टात सांगा."

"सांगतो."

सांगतो म्हणणं सोपं होतं. मेडिकल ऑफिसर म्हणाले, "वेड लागलंय का? सर्व्हिस किती राहिली तुमची? चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, आणि माझंही नाव येईल." मी आठवडाभर गप्प बसलो. जेवण जाईना, कुणावरही खेकसायचो. शेवटी बायकोच म्हणाली, "जाऊन या एकदाचे, न्हाई तर आम्हाला तरी सोडा." गेलो. एकनाथच्या वकिलाला पाकीट दिलं, सगळं सांगितलं. तो उडालाच. म्हणाला, साक्षीदाराला पुन्हा बोलावता येतं, अर्ज टाकतो.

पुढच्या तारखेला मी इस्त्रीचे कपडे घालून हजर. एकनाथ आला नाही, जिल्ह्याला ॲडमिट होता. त्याच्या पुढच्या तारखेला वकिलानं मृत्यूचा दाखला दिला. आरोपी मयत, खटला बंद. दोन मिनिटांत आटोपलं. वकिलानं पाकीट माझ्या हातात परत दिलं. "आता याचा काय उपयोग?"

म्हणजे एकनाथ निर्दोष नाही आणि दोषीही नाही. गावाच्या लेखी मात्र दोषीच.

मी सुमनकडं गेलो. सांगितलं, असं असं झालं, उशीर झाला. ती रडली नाही. ती म्हणाली, "कोर्ट बंद झालं आसंल. गाव कुटं बंद झालंय? तिथं सांगा."

गेलो. तिचा भाऊ, सासरचे, पारावर बसलेले दहा-पंधरा जण. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला नाही. मी पाकीट दाखवलं. म्हणालो, "एकनाथला माहीत नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही. गर्दी होती म्हणून. त्यानं विचारलं होतं, तरी नाही सांगितलं."

 मग सुमनचा भाऊ उठला, डोळे लाल. "मंग केस तुमच्यावर करू का आता?"

दोघं-तिघं लगेच म्हणाले, "कराच. बराबर हाय." एकनाथला इतके दिवस शिव्या देणारी तीच माणसं. मी म्हणालो, करा. खरंच म्हणालो, मला त्या वेळी बरंच वाटलं असतं.

सुमन मागं उभी होती. तिनं भावाला दरडावलं, "दादा, बस खाली. आता कोनावर करतो केस? मागल्या केसनं काय भलं केलं? माझं ताट वेगळं झालं, त्यांच्या मयताला खांद्याला चार मानसं मिळंनात. कोनावरच करायची न्हाई. पोराचं रक्त तपासायचं राह्यलंय, तेवढं करू द्या या साहेबाला."

बाळाच्या रक्तात आईच्या रक्तातल्या खुणा बरेच दिवस राहतात, त्यामुळं दीड वर्षाचं झाल्याशिवाय आमच्या किटवर खात्रीनं सांगता येत नाही. पोर दीड वर्षाचं झालं तेव्हा सुमन घेऊन आली. मी किट लावलं. ठिपका उमटला नाही. नियमानं तेवढं पुरतं, पण मी पुन्हा लावलं, आणि पुन्हा एकदा, वेगवेगळ्या किटवर. मॅडम म्हणाल्या, "सर, किट वाया घालवताय." मी म्हटलं, "माझ्या नावावर टाका."

बाहेर आलो तर सुमन टेबलाशी उभी, आपला अंगठा पुढं करून. शाईच्या पॅडकडं बघत होती.

"अंगठा नको," मी म्हणालो. "खाली बसा आधी. पोराला काही नाही."

ती बसली. "कागदात बी तसंच लिव्हलंय का?"

"तसंच." मी वाचून दाखवलं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. मग पोराला मांडीवर नीट घेतलं आणि म्हणाली, "आता त्यांचा वाचा."

एकनाथचं पाकीट माझ्या टेबलाच्या खणातच होतं. मी पट्टी फाडली, सहीचे दोन तुकडे झाले. कागद काढला. नाव वाचलं, वय वाचलं, तारीख वाचली, काय निघालं ते वाचलं. मग थांबलो नाही. एकनाथला जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. घाबरू नका. लगेच काही होत नाही. बायकोला घेऊन या, तिचं रक्त बघू. तिला लागण होऊ नये म्हणून हे असं करा. निरोधची पाकिटं इथंच मिळतात, लाजू नका. खोकल्याची औषधं अर्ध्यात सोडू नका. महिन्यानं पुन्हा मला भेटा.

सुमननं सगळं शांतपणे ऐकलं. पोर झोपलं होतं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"एवढंच सांगायचं व्हतं?"

"एवढंच."

ती उठली, पोराला खांद्यावर टाकलं आणि दोन्ही कागद पिशवीत ठेवून गेली. मी वाचायला लागलो तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं. ती गेली तेव्हा पुन्हा बघितलं. सात मिनिटं झाली होती.